खोबरे, खसखस आणि पहाटेचे विमान

माझी नणंद गेली सहा वर्षे शारजात राहते. फेब्रुवारीत तिला मुलगी झाली आणि सासूबाईंना सोबत घेऊन महिनाभर तिच्याकडे जाऊन राहायचे ठरले. नागपूरहून शारजाला थेट विमान आहे, म्हणजे मुंबईला जाऊन विमान बदलण्याची यातायात वाचली, एवढ्यावरच आम्हाला गंगेत घोडे न्हाल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात घोडे अजून तबेल्यातच होते, हे तिकीट हाती आल्यावर कळले.

तिकिटावर गुरुवार, पहाटे तीन वाजून पन्नास मिनिटे अशी वेळ होती. आम्हाला पोहोचवण्याची जबाबदारी धाकट्या दिरांनी घेतली होती आणि त्यांनी गुरुवारी रात्री बाराला गाडी घेऊन येण्याचे कबूल केले होते, म्हणजे विमान उडून वीस तास झाल्यावर! पहाटेच्या विमानांच्या बाबतीत ही चूक शिकल्यासवरलेली माणसेही करतात, कारण इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते आणि आपली रात्र मात्र झोपून उठेपर्यंत चालूच असते. आमच्या घरात हा घोळ सासूबाईंनी पकडला. त्यांचा वार पंचांगाप्रमाणे सूर्योदयाला सुरू होतो. त्या म्हणाल्या, "पहाटे चार म्हणजे बुधवारच की. बुधवारी जेवून निघायचं, उपास विमानातून उतरल्यावर." मी कॅलेंडरवर बुधवारच्या चौकटीत लाल पेनाने ‘रात्री बारा’ असे लिहिले आणि दिरांकडून ते दोनदा वाचून घेतले.

व्हिसा, पासपोर्टची मुदत, परतीचे तिकीट, विमा हे सारे कागद जमवण्यात पंधरवडा गेला. त्यात सांगण्यासारखे काही नाही. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक उरलेली असावी, एवढे पाहिले. औषधांनी मात्र दोन दिवस घेतले. आईंना, म्हणजे सासूबाईंना, रक्तदाबाच्या आणि गुडघेदुखीच्या गोळ्या लागतात आणि त्या गोळ्या पट्टीतून काढून एका जुन्या सुपारीच्या डबीत ठेवण्याची त्यांची सवय आहे. अमिरातीत कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारख्या काही वेदनाशामकांवर कडक नियंत्रण असून त्यांसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. आईंच्या गोळ्यांत तसले काही नव्हते, पण नाव नसलेली पांढरी गोळी कसली आहे हे तिथल्या अधिकाऱ्याने कसे ओळखावे? डॉक्टरांकडून औषधांच्या मूळ नावांसह इंग्रजीत चिठ्ठी लिहून घेतली, नव्या पट्ट्या आणल्या आणि डबी देवघरात ठेवली.

खरी तयारी स्वयंपाकघरात झाली. बाळंतिणीसाठी काय न्यायचे याची आईंची यादी त्यांच्या डोक्यात होती आणि तिच्यात फेरबदलाची सोय नव्हती: डिंकाचे लाडू, खोबऱ्याच्या दहा-बारा वाट्या, घरी कुटलेला सावजी मसाला, पाव किलो खसखस, बाळासाठी चांदीचे वाळे आणि शेजारच्या काकूंनी दिलेले लिंबाचे लोणचे. मी विमान कंपनीची सूचनापत्रे आणि अमिरातीच्या सीमाशुल्काचे नियम वाचून त्या यादीवर फुल्या मारू लागले, तेव्हा घरातले वातावरण दोन दिवस बिघडले. "हे चालत नाही" असे मी म्हणायचे आणि "काहून?" असे त्या विचारायच्या. पहिल्या दिवशी माझ्याकडे ‘नियम आहे’ याखेरीज उत्तर नव्हते. माझ्या मते तिथेच माझे चुकले, कारण चाळीस वर्षे घर चालवलेल्या बाईने सुनेच्या मोबाइलवरचा नियम म्हणून खोबरे का सोडावे?

दुसऱ्या दिवशी मी कारणे शोधून बसले. सुके खोबरे विमान वाहतुकीच्या भाषेत धोकादायक माल ठरते. आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांचा जो ४.२ हा वर्ग आहे त्यात ते मोडते आणि त्याला १३६३ हा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांकही दिलेला आहे. खोबऱ्यात तेल भरपूर असते. ओलसर खोबरे गठ्ठ्याने कोंडून ठेवले की हवेशी क्रिया होऊन त्यात उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर पडायला वाट नसली की साठत जाते. हे मी वाचून दाखवत असताना आईंचा चेहरा बदलला. त्यांचे माहेर हिंगणघाटचे आणि वडील सरकी काढणाऱ्या कापसाच्या जिनात कामाला होते. "सरकीचंही तसंच," त्या म्हणाल्या. "ओली सरकी ढिगात राहिली की आतून तापते. बाबा सांगायचे, वरून गार दिसते, कोपरापर्यंत हात घातला की चटका. जिनाला आग लागायची ती अशीच." मला पुढे बोलावेच लागले नाही. त्यांनी स्वतः उठून वाट्यांची पिशवी फडताळात ठेवली. ती पिशवी त्यानंतर फडताळातून कधी आणि कशी निघाली, ते पुढे येईलच.

खसखशीचे प्रकरण याहून नाजूक होते. आपल्याकडे खसखस कोणत्याही किराणा दुकानात मिळते, अनारशावर लागते, मसाल्यात वाटली जाते; अमिरातीत मात्र तिच्यावर बंदी आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. अफूचा चीक बोंडाच्या सालीत असला तरी बियांना त्याचा अंश लागलेला असतो, आणि अमली पदार्थांच्या तिथल्या कायद्यापुढे ‘आम्हाला माहीत नव्हते’ ही सबब कामाची नाही. आई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे लहानपणी आजी लेकरांना खसखशीचं दूध देऊन झोपवायची, ते उगाच नाही." पाव किलोची पुडी गेली, सावजी मसालाही गेला, दळलेल्या मसाल्यातली खसखस डोळ्यांना दिसत नसली तरी प्रयोगशाळेला दिसते. आता उरले लाडू. ते आधीच वळून झाले होते आणि त्यांत मूठ-मूठ खसखस होती.

त्या सोमवारी आमच्या घरात दुसऱ्यांदा डिंक तळला गेला. तुपात डिंकाचे खडे टाकले की ते पॉपकॉर्नसारखे फुलतात आणि आतून कच्चे राहिले तर दाताला चिकटतात, म्हणून आई प्रत्येक खडा झाऱ्याने दाबून बघत होत्या. खसखशीच्या जागी त्यांनी भाजलेले तीळ घेतले. खोबऱ्याचा कीसही वगळला. एकदा काढायचे तर सगळेच काढू, असे त्यांचे म्हणणे. खारकेची पूड, बदाम आणि गूळ वाढवला. पहिले लाडू आम्ही, दीर आणि खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड यांनी मिळून संपवले. तेच अधिक चांगले झाले होते, हे मी त्या वेळी बोलले नाही.

याच सुमारास शारजातील जावईबापूंच्या एका नागपूरकर मित्राचा निरोप आला की, जमल्यास थोडा खर्रा आणावा. परदेशात माणसाला कशाची आठवण येईल हे सांगता येत नाही. पान आणि चघळायची तंबाखू तिकडे चालत नाही, तेव्हा त्या मित्राला संत्रा बर्फीवर समाधान मानायला सांगितले. खरी संत्री नेण्याचा मोह होता, मृगबहार ऐन भरात होता, पण वजनात बसेनात.

आमच्या तिकिटांवर प्रत्येकी वीस किलो सामान आणि हातात सात किलो एवढी मुभा होती. घरात वजनकाटा एकच, माणसांचा, त्यामुळे मी आधी एकटी उभी राहायचे आणि मग बॅग कवटाळून उभी राहायचे. बॅग पोटाशी धरली की काट्यावरचा आकडा दिसत नाही. तो आई वाकून वाचायच्या आणि वाचता वाचता माझ्या एकट्या वजनावरही मत द्यायच्या. लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत गेली. हातातल्या सामानात द्रवपदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच्याच बाटल्यांत न्यावे लागतात. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमाने शीतपेयांच्या बाटल्यांतल्या द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून हा नियम जगभर लागू झाला. आईंचा अडकित्ताही मोठ्या बॅगेतच ठेवला. पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून त्या फक्त मंगळसूत्र घालून निघाल्या. अंगावर जास्त सोने न्यायचे असेल तर जाताना सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना ते सोने तिकडचे की इकडचे हा वाद होत नाही. आम्हाला तेवढी हौस नव्हती.

बुधवारी रात्री बाराला दीर खरोखरच आले. महाल भागातल्या घरून निघालो तेव्हा रस्ते मोकळे होते. मेट्रो त्या वेळी बंद असते, नाहीतर वर्धा रोडवर विमानतळाच्या नावाचे स्थानकही आहे. अजनीपासून पुढे आपल्या त्या प्रसिद्ध दुमजली पुलावरून गेलो. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि डोक्यावर मेट्रोचा मार्ग अशी ३.१४ किलोमीटरची ही रचना २०२० साली वाहतुकीसाठी खुली झाली. प्राईड हॉटेलपाशी पूल उतरला आणि आई जाग्या झाल्या.

सोनेगावच्या या विमानतळाला रात्री जागण्याची सवय जुनी आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, एकमेकांच्या थैल्या बदलून घ्यायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. देशाच्या मध्यावर असण्याचा आपल्या गावाला झालेला हा बहुधा सर्वांत चोख फायदा. आज दिवसा इथे देशांतर्गत विमानांची वर्दळ असते. आखाताकडे जाणाऱ्या प्रवाशांची गर्दी मध्यरात्र उलटल्यावर जमते. आम्ही एक वाजता पोहोचलो तेव्हा निर्गमनाच्या दारापाशी उभे राहायला जागा नव्हती. एका प्रवाशाला पोहोचवायला सात-आठ माणसे, दोरीने आवळलेली खोकी, झोपेने पेंगणारी मुले, आणि प्रत्येक घोळक्यात कोणीतरी एक ‘पासपोर्ट घेतला ना’ असे विचारणारा. दिरांनी मला मोबाइलमध्ये डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून विमानतळात आत सोडण्याची सोय, घ्यायला सांगितले होते. ती सोय देशांतर्गत प्रवासापुरती आहे. आम्ही दारावरच्या जवानाला तिकीट आणि पासपोर्ट दाखवून साध्या रांगेने आत गेलो.

चेक-इनची रांग लांब होती आणि हळूहळू सरकत होती. पुढच्या कुटुंबाची बॅग चार किलोने जास्त भरली, ती तिथेच जमिनीवर उघडली गेली आणि तिच्यातून चिवड्याचे डबे बाहेर येऊ लागले. आमच्यापुढे एकच जण राहिला असताना आई मला हळूच म्हणाल्या, "तुझी ती बॅटरी कुठे आहे?"

पॉवर बँक! रविवारी मीच त्यांना समजावले होते की लिथियमची बॅटरी मोठ्या सामानात ठेवत नाहीत. ती केबिनमध्ये पेटली तर कोणाच्या तरी लक्षात येते आणि विझवता येते, सामानाच्या कप्प्यात ते कोणाला दिसणार? माझी वीस हजार मिलिअँपिअर-तासांची होती, म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-तास, विनापरवानगी नेता येणाऱ्या १०० वॅट-तासांच्या आत. हा सगळा हिशेब मी तोंडपाठ म्हणून दाखवला होता आणि वजन जुळवण्याच्या शेवटच्या घाईत पॉवर बँक चार्जरसकट निळ्या बॅगेत कोंबली होती. आता ती निळी बॅग रांगेत आडवी पाडून उघडली. वरच लाडवांचा डबा होता. झाकण सैल झाले आणि तुपात तळलेल्या डिंकाचा वास आजूबाजूला पसरला. मागच्या एका तरुणाने "काकू, बाळंतविडा का?" असे विचारले. आईंनी त्याला एक लाडू दिला आणि तो चंद्रपूरचा आहे, वेल्डर आहे, दोन वर्षांनी सुटीवर आला होता, एवढी माहिती मी साडीच्या घडीखालून पॉवर बँक ओढून काढेपर्यंत मिळवली.

काउंटरवर बॅग भरली एकोणीस किलो सातशे ग्रॅम. पुढे इमिग्रेशनला अधिकाऱ्याने आईंना कोणाकडे जाता असे विचारले, तेव्हा त्यांनी नातीचे वजनही सांगितले. सुरक्षा तपासणीत माझी पाण्याची अर्धी बाटली टाकून द्यावी लागली. वाळ्यांची डबी उघडून दाखवली आणि आम्ही सुटलो. अजून सव्वा तास हाताशी होता. आई खुर्चीवर मांडी घालून डुलकी काढू लागल्या.

विमानात बसून फोन बंद करणार, तेवढ्यात दिरांचा संदेश आला: ‘गाडीच्या डिकीत खोबऱ्याच्या वाट्यांची पिशवी सापडली. मागाहून पाठवायच्या का?’ मी आईंकडे पाहिले. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

"विमानात नाही म्हणालीस," त्या म्हणाल्या, "गाडीचं काही बोलली नव्हतीस. रांगेत जागा झाली तर बघू म्हटलं होतं." मग थोडे थांबून त्यांनी जोडले, "त्याला सांग, गाडी दिवसा उन्हात उभी असते, आत्ताच्या आत्ता काढून घरात मोकळ्या पसर म्हणावं."