"ताई, आम्ही दारूच्या जाहिराती बघतच नाही"

दारू कंपन्यांचं मार्केटिंग पोरांपर्यंत कसं पोचतं ते पोरांकडूनच शोधून घ्यायचं आणि ते पुरावे घेऊन नियम करणाऱ्यांच्या मागे लागायचं, हे माझं काम. पण परवाचा १५-१६ वर्षांच्या मुलांचा वर्ग काही डोक्यातून जात नाहीये.

पडद्यावर लोगो झाकलेले फोटो दाखवत होते. कुठे नुसता बाटलीचा आकार, कुठे फॉर्म्युला वनच्या ट्रॅकशेजारच्या बोर्डाचा तुकडा. भराभर ब्रँडची नावं आली, मागच्या बाकावरून सुद्धा. मग विचारलं, यांच्या जाहिराती कुठे पाहिल्यात? तर एक मुलगा म्हणतो, "ताई, आम्ही दारूच्या जाहिराती बघतच नाही." आणि खरंच मनापासून म्हणत होता तो, त्याने फक्त रेस बघितली होती ना!

मग फोन काढायला सांगितले. एका मुलीच्या आवडत्या इन्फ्लुएन्सरचं रील, गप्पा मारत मेकअप चाललाय, हातात ग्लास, बाजूच्या बाटलीचं लेबल बरोब्बर कॅमेऱ्याकडे, आणि पेड वगैरे कुठेच लिहिलेलं नाही. मी म्हटलं ही जाहिरात असू शकते का, तर ती म्हणाली "नाही हो, ती तिचं रोजचं दाखवते." मला खूप वाईट वाटलं, कारण ती मुलगी त्या बाईला मैत्रीण मानते. तेवढ्यात एकाने एका ब्रँडच्या साइटवर जन्मसाल १९९० टाकलं आणि गेला आत, दोन सेकंदात. वय तपासणं म्हणतात ते एवढंच. ०.० वाल्या, म्हणजे बिनअल्कोहोलच्या बिअरच्या कॅनचं पण तेच, नाव दारूच्या ब्रँडचंच, लोगो तोच, म्हणजे प्यायच्या आधीच ओळख पक्की.

२००९ मध्ये १३ अभ्यास एकत्र करून बघितले होते, ३८ हजारांहून जास्त तरुण मुलं, जितकं हे मार्केटिंग जास्त दिसतं तितकी पिण्याची सुरुवात लवकर होते आणि जे आधीच पितात ते आणखी पितात असं त्यात निघालं. हे सांगितल्यावर वर्ग एकदम शांत झाला. मग प्रश्न आला, बंदी घातली तर मॅचना पैसे कोण देणार? मी फ्रान्सचं सांगितलं, तिथे १९९१ च्या कायद्याने टीव्हीवर दारूची जाहिरात आणि खेळांना स्पॉन्सरशिप बंद झाली, आणि १९९८ चा फुटबॉल वर्ल्डकप तिथेच झाला, मैदानावर दारूचे बोर्ड नसताना. लिथुआनियाने तर २०१८ पासून जवळजवळ सगळ्याच दारूच्या जाहिराती बंद केल्या.

शेवटी मुलांनी नियम करणाऱ्यांना पत्र लिहायला घेतलं. पहिलं वाक्य आलं, मुलांनी दारूपासून दूर राहावे. रीलवाल्या मुलीनेच ते खोडलं, "हे आम्हाला सगळेच सांगतात, पत्र त्यांना आहे ना, मग त्यांनी काय करायचं ते लिहा." आणि लिहिलं: वय खरोखर तपासा, पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर मोठ्या अक्षरात तसं लिहा, आमच्या खेळांवरून नावं काढा. सोबत स्क्रीनशॉट जोडलेत, मुलांची नावं झाकून, आणि पत्र या आठवड्यात जातंय.