टॅली कुणाची?

"मॅडम, टॅली सरकारी आहे काय?"

पोरीला क्लासला घालायला आलेल्या एका काकांनी मागच्या महिन्यात मला असं विचारलं. मी इचलकरंजीत सूतवाल्यांचे आणि यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहिते, संध्याकाळी टॅलीची, म्हणजे ज्यात हे हिशेब लिहितात त्या सॉफ्टवेअरची, बॅच घेते. टॅली कुणाची, हे दर बॅचला कुणीतरी विचारतंच. बहुतेकांचा अंदाज अमेरिकेवर जातो. काहींना तर तो नुसता कोर्सच वाटतो, एमएस-सीआयटीसारखा. त्यामागे एखादी कंपनी असेल, तिला मालक असेल, हे डोक्यातच येत नाही.

तर एकदाचं सांगूनच टाकते.

टॅली बंगळूरची, आणि गोयंकांची. श्यामसुंदर गोयंका दक्षिणेकडच्या आणि पूर्वेकडच्या कारखान्यांना, कापडगिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. म्हणजे धंदा आपल्या ओळखीचाच. स्वतःचे हिशेब ठेवायला त्यांना मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा गणिताचा पदवीधर असलेल्या मुलाला, भरतला, त्यांनी सांगितलं की तूच एक बनव. ही गोष्ट १९८६ची. डॉसवर चालणाऱ्या त्या पहिल्या प्रोग्रॅमचं नाव होतं 'प्युट्रॉनिक्स फायनान्शियल अकाउंटंट'. कंपनीचं नाव 'टॅली सोल्युशन्स' झालं ते १९९९ मध्ये. बरं झालं. "प्युट्रॉनिक्स येणारी मुलगी पाहिजे" अशी पाटी दुकानावर कशी दिसली असती! टॅली हा शब्द मात्र आपल्या तोंडात आधीपासून होता. रोख मोजून झाली की "टॅली झाली का?" असं पेढीवर विचारायचेच.

आता खरी गंमत. त्या काळात हिशेबाची बरीच सॉफ्टवेअर्स प्रत्येक खात्याला कोड मागत. अमुक सूत व्यापारी म्हणजे ४०१२, हमाली म्हणजे ७०३. कोडांची यादी भिंतीला चिकटवायची आणि एक आकडा चुकला की हमाली भलत्याच पार्टीच्या नावे. भरत गोयंकांनी हे कोडच काढून टाकले. खात्याचं नाव लिहा, बस्स. चोपडीत दिवाणजी कुठं कोड लिहायचे? पार्टीचं नाव लिहायचे, नावे की जमा ते ठरवायचे आणि पुढं जायचे. टॅलीनं तेच संगणकावर करू दिलं. व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, लिहिता लिहिता नवीन पार्टी आली तर ऑल्ट-सी दाबून तिथल्या तिथं खातं उघडा. खात्यांचे २८ ग्रुप आधीच तयार असतात, त्यातला एक निवडा. खतावणी, तेरीज (ट्रायल बॅलन्स), ताळेबंद सगळं मागच्या मागं होतं. बॅचमधल्या पोरी चौथ्या दिवशी एफ-फाइव्ह पेमेंट, एफ-सिक्स रिसीट, एफ-एट सेल्स असं पाढ्यासारखं म्हणतात. माउसला हात लावला की मी ओरडते.

माझ्या मते टॅलीचं सगळं यश या एका गोष्टीत आहे: तिनं दुकानदाराला नवीन सवय लावली नाही. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर्स आधी तुमची कामाची रीत बदला म्हणतात. टॅलीनं दुकानदाराची रीत बघितली आणि तशी वागली. आदल्या तारखेची एन्ट्री टाकायची आहे? टाका. मार्चचं बिल जूनमध्ये दुरुस्त करायचं आहे? करा, मागे खूणही राहत नसे. हा गुण की अवगुण, ते ज्याचं त्यानं ठरवावं. माझी पुष्कळ गिऱ्हाइकं याच गुणावर भाळली होती. (मी टॅलीच्या ७.२ या जुन्या आवृत्तीवर शिकले. ती प्रत कुठून आली होती, ते विचारू नका. आता रीतसर लायसन्स आहे.)

पण काकांच्या प्रश्नाला मी हसले नाही, ते वेगळ्याच कारणानं. टॅली सरकारी नाही, पण तिला घरोघर पोहोचवायला सरकारनं जेवढा हात लावला तेवढा कुठल्या जाहिरातीनं लावला नसेल. १ एप्रिल २००५ला महाराष्ट्रात व्हॅट हा नवा विक्रीकर आला आणि तोवर लाल चोपडीवर समाधानी असलेले लोक कॉम्प्युटर घ्यायला निघाले. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. त्या आठवड्यात मी घरी फक्त झोपायला गेले. सायझिंगवाले (सुताला खळ लावणारे), मागवाले, सूत दलाल, सगळ्यांचा एकच धोशा: "मॅडम, आमच्या टॅलीत जीएसटी घाला." कर बदलला की सॉफ्टवेअर बदलायचं, सॉफ्टवेअर बदललं की माझ्यासारखीला बोलावायचं. भरत गोयंकांना २०२०मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी 'टॅलीप्राइम' आली आणि माझ्या पाठ झालेल्या निम्म्या वाटा बदलल्या. त्याबद्दलचा राग अजून आहे.

आणि मग मागे खूण न ठेवता दुरुस्ती करायची ती जुनी सवलत सरकारनंच काढून घेतली. १ एप्रिल २०२३पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. टॅलीनं त्यासाठी 'एडिट लॉग' दिला. कुणी, कधी, काय बदललं, सगळं दिसतं. एकट्या मालकीच्या पेढीला ही सक्ती नाही, पण माझ्या एका सूत व्यापाऱ्यानं मध्यंतरी प्रायव्हेट लिमिटेड केली आणि पहिल्याच महिन्यात फोन आला, "म्हणजे आता खोडता यायचं नाही?"

"खोडता येईल," मी म्हटलं, "पण खोडलेलं दिसेल."

माझे वडील एका पेढीवर दिवाणजी होते. त्यांची एक कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, माझ्याकडे आहे. चुकलेल्या रकमेवर एकच आडवी रेघ, खालचा आकडा स्वच्छ वाचता येतो आणि शेजारी त्यांची बारीक सही.