कुत्रं आणायच्या आधी डॉक्टर बघून ठेवा

साताऱ्यात कुत्र्याला डॉक्टर कोण चांगला, असं हल्ली ओळखीतले बरेच जण विचारतात. नाव लिहून उपयोग नाही, माझ्या घराजवळचा डॉक्टर तुमच्या घराजवळ नसणार, त्यापेक्षा मी कसं बघते ते सांगते.

आपल्याकडे जनावरांचा दवाखाना म्हणजे मुख्यतः गाय, म्हैस, शेळी. सरकारी दवाखान्यांत श्रेणी एक आणि श्रेणी दोन असतात, श्रेणी एकला डिग्रीवाला पशुधन विकास अधिकारी आणि श्रेणी दोनला बऱ्याचदा पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे डिप्लोमावाला. ही माणसं अनुभवी असतात, अडलेली म्हैस रात्री सोडवतील, पण दीड महिन्याच्या पिल्लाला सलाईन लावायचं म्हटलं की सवयीचा भाग येतोच. तरी रेबीजची लस तिथे आहे का विचारून बघा, खर्च बराच कमी होतो.

खासगी क्लिनिक असेल तर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही डिग्री आणि पशुवैद्यक परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर बोर्डावर आहे का ते बघा, नसेल तर सरळ विचारा, खऱ्या डॉक्टरला राग येत नाही. पेट शॉपवाला "मीच देतो ना इंजेक्शन, दोनशे वाचतील" म्हणतो त्याला लांबूनच नमस्कार.

माझी खरी परीक्षा मात्र वजनकाट्याची. कुत्र्याचं वजन न करता औषध भरणारा डॉक्टर मला चालत नाही, जंताचं औषध काय किंवा गोचिडाची गोळी काय, सगळं किलोवर असतं, आणि अंदाजाने "असेल पंधरा किलो" म्हणणारा बाकीचंही अंदाजानेच करणार ना? दुसरं म्हणजे लस फ्रिजमधून निघते का, बाटलीवरचा स्टिकर कार्डावर चिकटवून सही करतात का. आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, त्यामुळे फ्रिज इन्व्हर्टरवर आहे का हेही मी विचारून आलेय, डॉक्टर हसले पण दाखवलं त्यांनी.

आणि हे माझ्या हातात नाही, पुढे घेऊन जा, असं वेळेत सांगणारा डॉक्टर सोडू नका. आमच्यासाठी पुढे म्हणजे खंबाटकी घाट उतरून शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक कॉलेज, नाहीतर थेट पुणं. रात्री कोण फोन उचलतं आणि गाडी कुणाची मिळेल हे आधीच ठरवून ठेवा, कारण पार्वो (आतड्यांचा जीवघेणा विषाणूचा आजार) झालेलं पिल्लू रक्ताची जुलाब-उलटी सुरू झाली की सकाळची वाट बघण्याइतकं टिकेल याची खात्री नसते, आणि कुत्रं बघून रिक्षावाले नाही म्हणतात.

आता पैसे. पहिलं वर्ष महाग जातं, पार्वो आणि डिस्टेंपर (हाही विषाणूचाच आजार) यांची लस दीड-दोन महिन्यांपासून, मग तिचे बूस्टर, तीन महिन्यांचं झालं की रेबीज, मधे मधे जंताचं औषध, पुढे नसबंदी. हे सगळं ठरलेलं असतं, कागदावर मांडता येतं, मोडतो आपण अचानकच्या खर्चात. पावसाळ्यात गोचीड ताप आला की रक्ततपासणी, सलाईन, परत तपासणी, दोन आठवडे तेच.

त्यासाठी मी महिन्याला हजार रुपये बाजूला टाकते, बँकेच्या आरडीत. पोस्टाच्या नाही, कारण पोस्टाची आरडी तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही आणि कुत्रं काय तीन वर्षं थांबून आजारी पडणार आहे का! विमा पण मिळतो आता कुत्र्यांना, पण लस, नसबंदी असले ठरलेले खर्च बहुतेक पॉलिसींत नसतात, आधीचा आजार धरत नाहीत आणि वय वाढलं की नवीन पॉलिसी मिळणं अवघड, तेव्हा घ्यायचा तर लहानपणीच घ्या, कार्डावर लसी पूर्ण असू द्या.

फी विचारायला लोक लाजतात, जिवाचा प्रश्न आणि पैसे काय काढता असं वाटतं त्यांना. मी टेबलावर चढवायच्या आधीच विचारते, यातली कुठली टेस्ट आज हवी आणि कुठली उद्या चालेल. आमच्या डॉक्टरांनी एकदा सरळ सांगितलं, एक्स-रे आत्ता नको, आधी रक्ताचा रिपोर्ट बघू, आणि रिपोर्टवरच काम भागलं.

शिरवळला जाणार असाल तर आधी फोन करून ओपीडीची वेळ विचारा, सकाळी लवकर निघा, आणि लसीचं कार्ड अन् जुने रिपोर्ट बरोबर घ्या, मोबाइलमधला फोटो पण चालेल.