तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना ‘विहीर’ का दाखवता?

“सर, तो रडका सिनेमा पोरांना कशाला दाखवता?” लग्नाच्या पंगतीत, एस.टी. स्टँडवर, पालकसभेत, जिथे तिथे हेच. एकदाचं लिहून टाकतो.

उमेश कुलकर्णींचा ‘विहीर’ 2010 साली आला. समीर आणि नचिकेत, दोन भावंडं. नचिकेतला नात्यागोत्यातून सुटून कुठेतरी निघून जायचंय. कुठे, ते त्यालाही सांगता येत नाही. मग विहिरीत त्याचा जीव जातो आणि समीर त्याला शोधत राहतो. बस. यात रडकं काय आहे?

बरं, आहे थोडं.

अकरावी सायन्सच्या खिडक्यांना केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे लावून दाखवतो. विहीर दिसली की पोरं ओरडतात, “सर, पाणी आहे हो तिच्यात!” यावल-रावेरकडे विहिरी केव्हाच तळाला गेल्या, केळी बोअरवर जगते. पोरांचं चुकत नाही.

तुमचा खरा प्रश्न त्या एका पोराबद्दल आहे, माहितीये मला. सिनेमा संपला, सगळे पांगले, हा पुठ्ठे काढायला थांबला. शर्टाच्या बाहीवर केळीच्या चिकाचे काळे डाग, कितीही धुतले तरी न जाणारे. पुठ्ठा दुमडता दुमडता, माझ्याकडे न बघता म्हणाला, “सर, तो पडला का त्याने उडी टाकली?”

सिनेमा ते सांगत नाही. मी सांगितलं. “पडला रे, पाय घसरला.” त्याचं वाक्य पुरतं संपायच्या आतच. “हो का,” म्हणाला, आणि पुठ्ठे कपाटावर एकावर एक रचून निघून गेला.

दिवाळीनंतर तो वर्गात आलाच नाही. सुरतला मामाकडे, साडीच्या कारखान्यात. वडील स्टाफरूमच्या दारात उभे. “सर, पोऱ्याले काय दखाडं तुमी?” मी म्हणालो, सिनेमा बघून कोणी सुरतला जात नाही, फिजिक्समध्ये नऊ मार्क होते त्याला, ते बघा आधी. खरंच होतं ते. आजही तेच म्हणेन.

फक्त त्या दिवशीच्या स्वतःला कधीमधी विचारतो, ‘माहीत नाही’ म्हणायला काय झालं होतं तुला? पोरगा अजून दोन मिनिटं थांबला असता. तेव्हाचा मी उलट विचारतो, थांबून पोरगा जे बोलला असता ते ऐकायची तयारी होती का तुझी?

नव्हती. आता आहे की नाही, तेही छातीठोक सांगता येत नाही.

यंदाही दाखवणार आहे. पुठ्ठे मात्र शिपायाला काढू देत नाही.