४१७ क्रमांकाची प्रतिमा

गेल्या मंगळवारी ज्या प्रतिमेला मी ‘एकच पेशी’ असे लेबल दिले होते, तिलाच आज जुने लेबल झाकून पाहताना ‘डब्लेट’, म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी, म्हणून मोकळा झालो, आणि तेव्हापासून दुसरे काही सुचलेले नाही. प्रतिमेत दोन गोलांच्या मध्ये एक फिकट खाच दिसते. ती विभाजनाच्या अखेरीस आलेली पेशी असेल, किंवा नुसत्याच चिकटलेल्या दोन असतील.

वेगाने वाहणाऱ्या पेशी एकेक करून ओळखणाऱ्या आणि वेगळ्या वळवणाऱ्या यंत्रपद्धतींची तुलना करताना दोन महिने मी इतरांच्याच चुका मोजत आलो. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारी पेशी एका मायक्रोसेकंदात एक मायक्रोमीटर सरकते, आणि ती फरफट टाळण्याइतक्या अल्प क्षणात प्रतिदीप्तीचे (लेसर पडल्यावर पेशीतून उमटणाऱ्या मंद प्रकाशाचे) पुरेसे फोटॉन जमत नाहीत, हे मी प्रत्येक बैठकीत ऐकवले. टीडीआय (टाइम डिले इंटिग्रेशन) कॅमेरा पेशीच्या चालीने विद्युतभार सरकवत प्रकाश साठवतो खरा. पण प्रवाहाचा वेग जरा ढळला की प्रतिमा पुसट होते, म्हणून त्याचे गुण कापले. लेसररेषेवरच्या प्रत्येक बिंदूला वेगळी रेडिओ वारंवारता देऊन कॅमेऱ्यावाचून चित्र जुळवणाऱ्या पद्धतीने २०२२ मध्ये सेकंदाला १५,००० पेशींपर्यंत मजल मारली, तरी तिच्या भरड प्रतिमांवर मी अर्धे पान खर्ची घातले. घोस्ट सायटोमेट्री तर चित्र न बनवता थेट संकेतावरूनच पेशी ओळखते. तिच्यापुढे मी ‘न पाहता निवाडा’ असा शेरा मारला होता, जो आता वाचवत नाही.

कारण या सगळ्यांना गुण दिले ते माझ्याच लेबलांशी ताडून. लेबले दोघांनी स्वतंत्रपणे द्यायला हवी होती, असे सर म्हणतील. दुसरा माणूस मी मागितला होता, पण तो विषय नकोच.

डोळा थकला असेल, अशी समजूत घालून पाहिली. मग यंत्राचा हिशेब आठवला: प्रतिमा टिपण्याची जागा आणि पेशी वळवण्याची जागा यांत दहा मिलिमीटर अंतर असले, तर सेकंदाला एक मीटर या वेगाला निर्णयासाठी दहा मिलिसेकंद मिळतात. मला आठवडा मिळाला होता, आणि तरीही माझे उत्तर फिरले. यावर मात्र एकट्यालाच हसू आले.

रात्री तुलनेच्या तक्त्यात आणखी एक स्तंभ घातला आणि त्याच्या डोक्यावर ‘मी’ असे लिहिले. वेगाच्या रकान्यात ‘प्रतिमेला चार सेकंद’ भरले. अचूकतेचा रकाना उरलेली लेबले पुन्हा तपासून होईपर्यंत कोरा ठेवला आहे.