मुक्ताईच्या दिंडीत वडिलांची जागा

वडील गेले तेव्हा दिंडीतल्या विणेकरी बाबांचा फोन आला, म्हणाले त्याची जागा रिकामी ठेवू नको, म्हणून ज्येष्ठात मुक्ताईनगरला गेलो (आमच्याकडची जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात). 1297 साली मेहूणला तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली असं मानतात, पालखी कोथळीच्या जुन्या मंदिरातून निघते आणि पंढरपूरला पोचायला महिना लागतो. मी मलकापूरला एसटी पकडून परत येणार होतो, रजाच तेवढी होती.

पण दिंडीत मला माझ्या नावाने कोणी ओळखतच नव्हतं. ‘त्याचा पोरगा का? ये, इथं चाल.’ वडिलांचे टाळ हातात दिले, दोरी तुटलेली म्हणून त्यांनी केळीच्या बागेतल्या ड्रिपच्या पाईपचा तुकडा ओवून गाठ मारलेली, ती बोटाला घासायची. राजूर घाटात पाऊस लागला, पाय सुजले, ते सोडा.

मुक्कामाला ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ (ज्ञानेश्वर रुसून दार लावून बसले तेव्हा बहीण मुक्ताईने दार उघड म्हणून विनवलेलं) सुरू झालं आणि रावेरकडच्या एक मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुझा बाप ह्या अभंगाला कधी पुढं येत नव्हता, मागं उभं राहून रडायचा, बहिणीपायी. कोणती बहीण? मी तर एकच आत्या ओळखतो. मावशींनी भाकरी खाता खाता सांगितलं, की मोठी एक होती, हिश्श्यावरून भांडण झालेलं, एकदा सासरहून रात्री आली तर ह्याने दार उघडलं नाही, नंतर बाळंतपणात गेली.

मी रजा वाढवली. बीडला बिंदुसरेकाठी पालखी मुक्ताईच्या आजोबांच्या, गोविंदपंतांच्या समाधीला भेटते, तिथे बाया आपलंच कोणी भेटल्यासारख्या रडतात. सातशे वर्षं झाली तरी ह्या घरातली आजा-नातीची भेट चुकत नाही, आणि आमच्या घरात एका पोरीचं नावसुद्धा कोणी घेत नाही, ह्याचा मला खरंच राग आला.

तिथूनच काकांना फोन लावला. ते म्हणे असं काही नाही, ती तापाने गेली, दिंडीतल्या लोकांना कीर्तन ऐकून ऐकून गोष्टी जुळवायची सवय लागते भाऊ. असेलही. पण वडील रात्री घराला आतून कडी लावू द्यायचे नाहीत, आई चोराच्या भीतीने रोज भांडायची आणि ते एकदाही कारण सांगायचे नाहीत, त्यामुळे मला मावशीचंच खरं वाटतं. काकांना हे बोललो तर म्हणाले, आईला विचारू नको.