त्रयोदशीची भरती, दोन काठ आणि एक थवा

महावीर जयंतीचा दिवस खाडीकाठच्या पक्ष्यांच्या मोजणीसाठी मुद्दाम धरला होता. चैत्र शुद्ध त्रयोदशी. कोळ्यांचा हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा, म्हणजे भरती पावणेदहाला. खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं, म्हणून नवी मुंबईतल्या नेरूळला दहा धरले. अष्टमीला भरती सहाला येते खरी, पण ती भांगाची, म्हणजे कमी पाण्याची; चिखल पुरता बुडतच नाही. पौर्णिमेचं उधाण मोठं, पण ऐन उन्हात येतं आणि तापलेली हवा स्कोपमध्ये, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीत, नुसती थरथरते.

ओहोटीला टिलवे, चिखले, पाणटिवळे असे चिखलात चरणारे पक्षी ठाणे खाडीभर पांगलेले असतात. चिखल बुडाला की तेच पक्षी नेरूळच्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर आणि टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर दाटीनं बसतात. मोजायचं तेव्हाच. या दोन्ही जागांच्या काठांवर दोघं-दोघं: एकानं बघून बोलायचं, दुसऱ्यानं वेळेसकट लिहायचं. स्कोप वीसपटीवर, साठपटीला धूसरपणाच मोठा दिसतो. दहा पक्षी नीट मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरायची आणि तेच माप थव्यावर सरकवत न्यायचं. पाणटिवळ्यांना हे चालतं. त्यांच्या पायांआड उभे राहणारे छोटे टिलवे मात्र हमखास सुटतात.

एप्रिलची गंमत पिसाऱ्यात. हिवाळाभर करडे दिसणारे कर्ल्यू सँडपायपर आता विटकरी झालेले, सँड प्लोव्हर या चिखल्यांच्या छातीवर तांबूस पट्टा. त्यांतल्या 'लेसर सँड प्लोव्हर'ची आता दोन जातींत फोड झाली आहे. ऐन रंगात आलेल्या नराचं कपाळ काळं असेल तर तिबेटन, पांढरं असेल तर सायबेरियन. अजून करडेच असलेल्यांवर वेळ घालवू नये.

दुपारी वह्या जुळवल्या, तर पाणटिवळ्यांची बेरीज संशय यावा इतकी फुगलेली. उलगडा एका फ्लॅगनं, म्हणजे अभ्यासकांनी पक्ष्याच्या पायात अडकवलेल्या कोडच्या रंगीत पट्टीनं केला. डीपीएसच्या वहीत ९:२० ला पायात फ्लॅग असलेला एक पाणटिवळा, चाणक्यच्या वहीत ९:५० ला तोच कोड. मधे ९:३५ ला नोंद: 'हॅरियर (शिकारी पक्षी) आला, सगळे उडाले.' कुठे गेले, ते कुणी लिहिलंच नव्हतं. दिशा न लिहिता नुसतं 'उडाले' लिहिलं की हे असं होतं.

फ्लॅग दिसणं हीदेखील नशिबाचीच गोष्ट. पाणटिवळा एका पायावर झोपतो आणि फ्लॅगचा पाय नेमका पिसांत असतो. त्यानं पाय बदलेपर्यंत थांबायचं, मग रंग, पाय डावा की उजवा, सांध्याच्या वर की खाली, आणि शेवटी कोड. मोबाइल स्कोपला लावून व्हिडिओ घेतलेला बरा. घाईत डावा-उजवा हमखास चुकतो.

पाणटिवळ्यांचा डीपीएसचा आकडा खोडला, ऐन भरतीच्या जवळचा चाणक्यचा ठेवला. टिलव्यांत खूण असलेला एकही नव्हता. किती दोनदा मोजले गेले, ते कळायला मार्ग नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्यांच्यापुढे आकड्याऐवजी 'एक्स' टाकला: पक्षी होते, संख्या सांगता येत नाही.